वणव्यानंतर उघडे पडलेले अवशेष : ओळख, नोंद आणि नेहमीच्या चुका (ठाणे–नवी मुंबईचे डोंगर)

पायवाट (धागाकर्ता) · ८ मार्च, रात्री १०:२०

शिमगा जवळ आला की मुंब्र्यापासून बेलापूरपर्यंत पारसिकच्या रांगेवर, खारघरच्या उतारांवर आणि येऊरच्या कडेकडेने काळे पट्टे दिसायला लागतात. गवत जळालं की वर्षभर झाकलेलं सगळं एकदम समोर येतं: दगडांच्या रांगा, खोदीव पायऱ्या, गोल खळगे, खापरं. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर "शिलाहारकालीन भिंत सापडली" म्हणून फोटो फिरू लागतो. बहुतेक वेळा ती भिंत म्हणजे शेताचा जुना बांध असते, नाहीतर वनखात्याचा चर. पण सगळंच तसं नसतं, आणि जे खरं असतं त्याची नोंद कोणी करत नाही. पावसाळ्यात तिथे पुन्हा कमरेएवढं गवत. त्या थोडक्या खऱ्या गोष्टींसाठी हा धागा.

जगात हे काम नवं नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या बँडेलियरला १९७७ मध्ये 'ला मेसा' वणवा लागला, तेव्हा पुरातत्त्वज्ञ जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढणाऱ्या बुलडोझरच्या पुढे चालत अवशेष दाखवत होते. कोलोरॅडोतल्या मेसा वर्देत १९९६ आणि २००० च्या वणव्यांनंतर शेकडो नव्या जागा नोंदल्या गेल्या. त्यांत घरांपेक्षाही बघण्यासारखे होते ओढ्यांवरचे छोटे दगडी बांध आणि पायऱ्यापायऱ्यांची शेतं. झाडीत ते दिसतच नव्हते. इंग्लंडच्या फायलिंगडेल्स माळावर सप्टेंबर २००३ मध्ये सुमारे अडीच चौरस किलोमीटर माळ जळाला आणि एक कोरीव दगड उघडा पडला. त्याची सविस्तर नोंद करून तो होता तिथेच पुन्हा मातीखाली ठेवला. आयर्लंडमध्ये ब्रे हेडच्या डोंगरावर २०१८ मध्ये दुसऱ्या महायुद्धातली दगडांची अक्षरं दिसली: 'एर', म्हणजे देशाचं नाव, वरून जाणाऱ्या वैमानिकांना हा तटस्थ देश आहे हे कळावं म्हणून रचलेलं. ऑस्ट्रेलियात बुज बिमला २०१९–२० च्या वणव्यानंतर ईल मासे पकडायच्या दगडी पाटांच्या जाळ्यातला सुमारे २५ मीटरचा आणखी एक पाट दिसला.

आपल्याकडे मुदत कमी असते. वणवे साधारण फेब्रुवारी ते मे, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस. जाणकारांनी आपापल्या भागाचं लिहावं: ओळख, मोजमाप, फोटो, कायदा.

---

डाईकमास्तर · ८ मार्च, रात्री ११:०५

आधी फसवणाऱ्या गोष्टी. आपण बेसॉल्टवर (थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडावर) राहतो आणि बेसॉल्ट माणसाच्या बांधकामाची नक्कल फार छान करतो.

पहिला नंबर डाईकचा. लाव्हाच्या थरांमध्ये भेग पडून त्यात नवा रस शिरला आणि थिजला की भिंतीसारखा उभा पट्टा तयार होतो. ठाणे–पनवेल पट्ट्यात हे भरपूर, बहुतेक उत्तर–दक्षिण. आजूबाजूचा मऊ दगड झिजला की डाईक उठून दिसतो. त्याला आडवे-उभे सांधे असतात, म्हणून रचलेल्या चिऱ्यांसारखा वाटतो. खरी भिंत की डाईक, हे असं बघा:

सांधे कुठल्या दिशेला आहेत? डाईकचे खांब भिंतीच्या दोन्ही बाजूंना काटकोनात, म्हणजे आडवे पडलेले असतात. सरपणाची मोळी रचल्यासारखे. कडेचा दगड आतल्यापेक्षा बारीक कणांचा असतो, कारण कडा लवकर थिजल्या. पट्टा ओढा ओलांडून समोरच्या टेकडीवरही त्याच रेषेत निघतो. माणूस भिंत बांधताना उताराचा विचार करतो, डाईक करत नाही. आणि रचलेल्या भिंतीत दोन मोठ्या दगडांमध्ये कपच्या आणि भर असते, खालचा थर बसवण्यासाठी जमीन खणलेली किंवा सपाट केलेली असते.

दुसरं, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोल धोंडे. वणव्यात वरचे पापुद्रे निघतात आणि आतून गुळगुळीत गोळा बाहेर येतो. तोफगोळे नाहीत ते.

तिसरं, ओढ्याच्या पात्रातले रांजणखळगे. खांबासाठी खोदलेल्या खळग्यात छिन्नीचे घाव दिसतात, खळगे ओळीत आणि ठरावीक अंतरावर असतात, आणि पाणी वाहत नाही अशा जागीही असतात. रांजणखळगा आतून घासून गुळगुळीत असतो, तळाशी बऱ्याचदा गोटेही सापडतात.

---

खापरी · ९ मार्च, सकाळी ७:४०

मास्तरांच्या यादीत माणसाने केलेल्या पण जुन्या नसलेल्या गोष्टी घाला. सलग समतल चर: समपातळी रेषेवर, साधारण ६० सेंमी रुंद, खालच्या अंगाला मातीचा वरंबा. जळाल्यावर पायऱ्यांच्या तटबंदीसारखा दिसतो. वनहद्दीचे दगडी बुरूज: चुना किंवा सिमेंट लावलेले, अनेकदा आकडा रंगवलेला. कोळशाच्या भट्ट्या: गोल, काळी, तेलकट माती. वणव्याची राख वाऱ्याने उडते, पण भट्टीचा काळा थर बोटभर खाली जातो आणि त्यात कोळशाचे तुकडे सापडतात. राब भाजलेल्या जागाही काळ्या असतात, पण त्या खाचराच्या कोपऱ्यात.

मग आपल्या डोंगरात खरं काय मिळू शकतं? कान्हेरीच्या आसपास वाटांवरच्या खोदीव पायऱ्या आणि पाण्याची टाकी. शिलाहारांच्या काळातले गद्धेगाळ (गाढवाचं चित्र कोरलेले शापाचे दगड) आणि वीरगळ (वीरांचे स्मृतिदगड), तेही बहुधा आपल्या मूळ जागेवरून हललेले. किल्ल्यांच्या खालच्या उतारावर चौक्यांचे जोते. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित म्हणजे सूक्ष्मास्त्रं: कॅल्सेडनी, जॅस्पर, चर्ट अशा गारगोटीसारख्या कठीण दगडांची नखाएवढी पाती. मुंबई परिसरातली अश्मयुगीन हत्यारं टॉड या संशोधकांनी १९३० च्या दशकातच नोंदली होती, त्यामुळे उंचवट्यावरच्या उघड्या पडलेल्या लालसर मातीत ती असू शकतात. पण वणव्यात तापलेला चर्ट तडकतो आणि त्यातून गोल टिकल्या उडतात. मागे बशीसारखा खळगा राहतो. तो माणसाने काढलेला घाव नव्हे. माणसाच्या घावाला मारल्याचा बिंदू असतो, तिथून लाटांसारख्या रेषा निघतात. उष्णतेने उडालेल्या टिकलीला तो बिंदू नसतो.

---

नवखा_बेलापूर · ९ मार्च, सकाळी ९:१५

माहितीबद्दल आभार. पारसिकच्या या बाजूला परवा जळालेल्या उतारावर चार खळगे ओळीत दिसतायत, वर एक दगड उभा आहे. जागा: *[अक्षांश-रेखांश संपादकांनी काढले]*. उद्याच जाऊन गवताची राख झाडून, पाणी मारून साफ करावं का? आणि शेजारच्या पट्ट्यातलं गवत अजून उभं आहे. तेही जाळलं तर पूर्ण दिसेल का?

---

कलम२६ · ९ मार्च, सकाळी ९:३०

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चं कलम ३० लागतं आणि राष्ट्रीय उद्यानालाही ते लागू होतं. येऊर राष्ट्रीय उद्यानातच येतं. "अवशेष बघायला लावली" हा बचाव नाही.

आणि अक्षांश-रेखांश जाहीर धाग्यावर टाकू नका. गुप्तधनवाले हे धागे वाचतात, उभ्या दगडाखाली हमखास खणतात.

कागदाचं सांगतो. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दिघा–ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हाधिकारी. खारघर, पनवेल रायगडमध्ये, म्हणजे अलिबाग. डोंगराच्या माथ्यावर जिल्हा बदलतो, तेव्हा नकाशा बघून अर्ज करा. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज वर्षभर फिरतो. स्थावर अवशेषांसाठी राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, आणि केंद्र संरक्षित स्मारकाजवळ असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं शीवच्या किल्ल्यातलं मुंबई मंडळ. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र आहे, तिथे परवानगीशिवाय एक कुदळ मारायची नाही. वणवा दिसला तर वनखात्याचा १९२६ क्रमांक.

---

खापरी · ९ मार्च, सकाळी १०:०५

@नवखा_बेलापूर, पाणी अजिबात नको. तापलेल्या दगडावर पाणी पडलं की वरचा थर सुटतो. थंड दगडावरही राखेची लापशी होते आणि खोदीव रेषांत जाऊन बसते. वाळल्यावर ती निघत नाही. निदान तीन दिवस थांबा. राख वाऱ्याने जाऊ द्या. राहिलीच तर मऊ रंगाऱ्याचा ब्रश, दगडाच्या मोकळ्या पृष्ठभागावर, कोरीव भागाच्या दिशेने नाही. तारेचा ब्रश, नारळाची शेंडी, साबण, खडू, सगळं बंद. खडूने रेषा "उठवल्या" की फोटो छान येतो आणि रेषा कायमच्या बिघडतात. तुम्ही जी रेष आहे असं समजता तीच ठसते. अक्षरांत बसलेली काजळी पावसाने हळूहळू जाते. घाई करणारा शिलालेखाचा एखादा काना घालवून बसतो.

शेंदूर लावलेला दगड असेल तर तो कोणाचा तरी देव आहे. आधी पाड्यावर विचारा.

---

सहाव्या_बँडवाला · ९ मार्च, दुपारी १:५०

कुठे जळालंय हे घरबसल्या कसं काढायचं ते लिहितो, म्हणजे लोक आंधळेपणाने चढणार नाहीत.

आगीचे ठिपके दाखवणारे नकाशे (मोडिस, व्हीआयआयआरएस या उपग्रहांवरच्या उपकरणांचे) आपल्या गवताच्या वणव्यांना पुरत नाहीत. व्हीआयआयआरएसचा एक ठिपका ३७५ मीटरचा, आणि उपग्रह डोक्यावरून दुपारी-रात्री दीडच्या आसपास जातो. गवत संध्याकाळी पाचला पेटून सातला विझलं तर ठिपका येतच नाही.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं वापरा. कोपर्निकसच्या ब्राउझरवर (त्यांच्या संकेतस्थळावर) फुकट आहेत, दर पाच दिवसांनी चित्र. वणव्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही ढगाविना, एकाच मोसमातलं निवडा. बँड ८ए आणि बँड १२ (चित्रातले दोन अवरक्त प्रकाशपट्टे) घेऊन एनबीआर, म्हणजे जळाल्याचा निर्देशांक, काढा: (८ए − १२) भागिले (८ए + १२). आधीच्या एनबीआरमधून नंतरचा वजा करा. फरक ०.१ च्या वर असेल तर जळालंय असं धरा, ०.२७ च्या वर मध्यम, ०.६६ च्या वर तीव्र. हे आकडे जंगलासाठी ठरवलेले आहेत, गवताळ उतारावर तीव्र वर्ग सहसा येत नाही. ०.२७ च्या वर गेलेला तुकडा दिसला तर तिथे झाडी किंवा कारवी जळाली असं समजा.

वणव्यानंतर पहिल्या आठ-दहा दिवसांतलं चित्र घ्या. राख उडाली की खालची पिवळी-तांबडी माती दिसते आणि फरक पुसट होतो. एक ठिपका २० मीटरचा असतो, म्हणजे इथे भिंत शोधू नका. फक्त कुठे चालायचं ते ठरवा.

ड्रोनबाबत: डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघितल्याशिवाय उडवू नका. दोन-दोन विमानतळांमुळे इथला बराच भाग रेड (उड्डाणबंदी) किंवा यलो (परवानगी लागणारा) आहे, शिवाय राष्ट्रीय उद्यानात वनखात्याची वेगळी परवानगी. पाच मीटरच्या सरकत्या खांबाला मोबाइल बांधून काढलेले फोटोही पुरतात.

---

पायवाट · ९ मार्च, रात्री ९:३०

चालण्याची पद्धत जोडतो. चौघे, एकमेकांपासून ५ मीटर, समपातळीत. उतारावरून सरळ खाली उतरत शोधलं तर जळालेल्या गवताने धरलेले दगड सुटून पुढच्याच्या पायावर येतात. काही दिसलं की जागीच झेंडी (चमच्याला लाल कापड बांधलं तरी चालतं), उचलायचं काही नाही. पट्टा संपला की परत येऊन झेंड्यांची नोंद.

खापरं दाट आहेत की विरळ हे "भरपूर" असं लिहून कळत नाही. २ मीटर दोरी, एक टोक खुंटीला, दुसरं हातात, गोल फिरा. आत १२.५७ चौरस मीटर जागा येते. तेवढ्यातली खापरं मोजा, जाडी आणि रंग बघा, कडेचे तुकडे वेगळे मोजा, तिथेच सोडा. मग दुसरीकडचा आकडा पहिल्याशी ताडता येतो.

मोबाइलचा जीपीएस मोकळ्या माथ्यावर ३ ते ५ मीटर चुकतो, कड्याखाली १० मीटरही. दोन मिनिटं स्थिर उभं राहून वाचन घ्या, दाखवलेली अचूकता लिहा, दशांशात पाच आकडे पुरे (पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर, पुढचे आकडे निव्वळ शोभेचे).

नोंदीत एवढं तरी हवं: दिशा, लांबी-रुंदी-उंची, दगडांचे थर किती, सांध्यात चुना की कोरडं, छिन्नीचे घाव आहेत का, राख किती सेंमी, आणि आजूबाजूला काय जळालं: गवत, कारवी की मोठं खोड. शेवटच्या मुद्द्याचं महत्त्व मास्तर सांगतील.

---

डाईकमास्तर · १० मार्च, सकाळी ६:५५

सांगतो. नुकसान आगीच्या उंचीवर कमी, ती किती वेळ एका जागी राहते यावर जास्त अवलंबून असतं. गवताची ज्वाळा दगडावरून मिनिटभरात निघून जाते. मातीत दोन-चार बोटं खाली फारसं काही पोहोचत नाही, म्हणून पुरलेली वस्तू बहुधा वाचते. पण दगडाला टेकून मोठं खोड तासन् तास धुमसलं, की तो दगड पापुद्र्याने सुटतो. मेसा वर्देत बॅटलशिप रॉकवरची कोरीव चित्रं १९९६ मध्ये अशीच सुटली. तिथला वालुकाश्म क्वार्ट्झचा, आणि क्वार्ट्झ ५७३ अंशांना रचना बदलतो आणि फुगतो. बेसॉल्टमध्ये मोकळा क्वार्ट्झ जवळजवळ नसतो, तो प्रश्न आपल्याला नाही. मात्र बाहेरून तापलेला आणि आतून थंड असलेला कुठलाही दगड तडकू शकतो.

कारवीचं वेगळं आहे. ती सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि बी झाल्यावर मरते. वाळक्या काठ्यांचं दाट रान उभं राहतं. ते पेटलं की साध्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं. येऊरच्या बाजूला हे ध्यानात ठेवा.

किल्ल्यांच्या भिंतींत सगळ्यात वाईट म्हणजे वड-पिंपळाची मुळं. वणव्यात मूळ पेटतं, भिंतीच्या आत दोन-तीन दिवस धुमसतं, आणि जळून गेल्यावर तिथे बोगदा उरतो. भिंत तेव्हा पडत नाही, जुलैत पडते. म्हणून चुन्याच्या भिंतीत ताजं भोक दिसलं तर फोटो, व्यास आणि काठी किती आत जाते ते लिहा आणि भिंतीखाली बसू नका.

जमिनीतही हेच: खोडाची मुळं जळून पोकळी झालेली असते, वर राखेचं झाकण. पाय गुडघ्यापर्यंत आत जातो आणि खाली निखारा असू शकतो. काठीने ठोकत चला, कातडी बूट घाला, नायलॉनचे वितळतात.

---

सहाव्या_बँडवाला · १० मार्च, सकाळी ८:२०

प्रयोगशाळेचा एक मुद्दा. जळालेल्या पृष्ठभागावरचा कोळसा "जुना" म्हणून कालमापनाला पाठवू नका, तो मागच्या महिन्यातला असतो. तापदीप्तीने (खापर तापवल्यावर निघणाऱ्या उजेडावरून) वय काढायचं तर ४००–५०० अंशांपुढे तापलेल्या खापराचं घड्याळ शून्यावर येतं. म्हणजे वरचं खापर बाद, खालचं कदाचित चालेल. चुंबकीय सर्वेक्षणाचं विचाराल तर बेसॉल्टच इतका चुंबकीय की भाजलेल्या मातीचा इशारा त्यात बुडून जातो.

---

नवखा_बेलापूर · १० मार्च, सकाळी ११:००

राख झाडायचा बेत रद्द केला. फोटो कधी आणि कसे घ्यायचे? दुपारी घेतले तर सगळं काळं सपाट दिसतं.

---

खापरी · १० मार्च, दुपारी १२:१०

दुपारी कशाला चढता? उन्हाने मराल आणि फोटोही वाया. सूर्य उगवल्यापासून तासाभरात, तिरप्या उन्हात घ्या. खोदीव रेषा सावलीने उठतात. ऊन नीट येत नसेल तर एक मोठा पांढरा पुठ्ठा धरून उजेड बाजूने फेका. काळी जमीन बघून कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो, म्हणून उजेड पाऊण पायरी कमी ठेवा, −०.७.

मोजपट्टी: अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप, १ मीटर, दर २० सेंमीला लाल-पांढरी इन्सुलेशन टेप. पट्टी वस्तूच्या पातळीत ठेवा, पुढे नाही. आधी पट्टीशिवाय एक, मग पट्टीसह, मग लांबून डोंगर दिसेल असा. त्रिमितीय प्रतिमा करायची असेल तर लागोपाठच्या फोटोंत ७०–८० टक्के भाग तोच यायला हवा, भोवती दोन उंचींवरून पूर्ण फेरी. मध्येच झूम करू नका, तिथेच जुळणी तुटते.

आणि पायवाट, धाग्याच्या सुरुवातीला "दिसला", "उघडा पडला" लिहिलंत ते ठीक. बातम्यांत "शोध लागला" येतं. बुज बिमचं जाळं गुंडिटजमारा लोकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं, आगीने त्यांना एक पाट जास्त दाखवला इतकंच. आपल्या डोंगरातही बऱ्याच टाक्यांना पाड्यावर नाव असतं. ते नाव नोंदीत पहिल्या रकान्यात लिहा.

---

कलम२६ · १० मार्च, दुपारी १:००

+१. नावावरून जुन्या महसुली नोंदीही सापडतात.

---

पायवाट · ११ मार्च, रात्री ८:४५

वणवा विझल्यानंतरचं नुकसान राहिलं. जळालेल्या मातीवर कधीकधी पाणी न शोषणारा थर तयार होतो, पहिला मोठा पाऊस मुरत नाही, नुसता वाहतो आणि वरची माती घेऊन जातो. परदेशात हवाई बी पेरणी, पेंढ्याच्या गुंडाळ्या वगैरे करतात. आपल्याकडे छोट्या जागेला तागाची जाळी अंथरून कडेला बाहेरून आणलेले दगड ठेवले तरी पुष्कळ. खुंट्या ठोकू नका, त्या खालच्या अवशेषांच्या थरात घुसतात. जागेवरचे दगड तर मुळीच वापरू नका. ते भिंतीचेच असतात.

आणि खरा धोका एप्रिल-मेमध्ये येतो: वृक्षारोपणाचे खड्डे. जळालेला उतार "मोकळा" दिसतो, म्हणून पावसाळी मोहिमेसाठी नेमका तोच निवडतात. खड्डा ४५ × ४५ × ४५ सेंमी, ओळीत शेकडो. वणव्याने जे वाचवलं ते कुदळ एका दिवसात संपवते. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, खड्डे आखणाऱ्याला तिथे काही आहे हे माहीतच नसतं. म्हणून नोंद झाली की वाट न बघता वनपरिक्षेत्र कार्यालयात एक पानी अर्ज: वनकक्ष क्रमांक, नकाशावर वर्तुळ, दोन फोटो आणि "या वर्तुळात खड्डे घेऊ नयेत" असं एक वाक्य. आवक क्रमांक घ्या. पोच मिळाली की एक प्रत पुरातत्त्व संचालनालयाला.

---

नवखा_बेलापूर · ११ मार्च, रात्री १०:३०

चार खळग्यांतली अंतरं फोटोवरून मोजली: १.८, १.८, १.९ मीटर. ओढ्यापासून लांब, उताराच्या माथ्याकडे. छिन्नीचे घाव आहेत की नाही ते फोटोत कळत नाही.

---

डाईकमास्तर · ११ मार्च, रात्री १०:४०

मग सकाळच्या तिरप्या उन्हात एका खळग्याच्या आतल्या भिंतीचा फोटो, पट्टीसह. खोली आणि तळ सपाट की गोल तेही लिहा. आणि खांबांची ओळ बहुधा एकटी नसते, समोर दोन-अडीच मीटरवर समांतर ओळ राखेखाली आहे का बघा. जूनच्या पहिल्या सरींनंतर, गवत यायच्या आत, त्याच जागेवरून पुन्हा एक फेरी मारा. राख धुऊन गेलेली असते आणि खापरं मातीतून वर आलेली असतात.